‘एस’ गळतो, त्यात मराठीचा काय दोष?

सहावी-सातवीच्या वहीत ‘माय सिस्टर वर्क इन अ बँक’ असं वाक्य आलं की शेरा ठरलेला असतो : मुलगा मराठीत विचार करून इंग्रजी लिहितो. पालकसभेत याच शेऱ्याचा सल्ला होतो, की घरात मराठी कमी करा. हे निदान चुकीचं आहे आणि त्यावरचा उपाय मुलाचं नुकसान करणारा आहे.

या समजुतीमागे एक भारदस्त पूर्वपक्ष आहे. १९५७ साली रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने मांडलं की नव्या भाषेतलं जे मातृभाषेसारखं असेल ते सोपं जातं, वेगळं असेल ते अवघड जातं. ही कसोटी मराठीला लावून पाहू. मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात. कर्ता बदलला की क्रियापद बदलायचं, हे मराठी मूल शाळेत जाण्याआधीच शिकलेलं असतं. लाडोंचा नियम खरा असता तर तृतीय पुरुषी एकवचनाला एक ‘एस’ जोडणं त्याच्या हातचा मळ ठरलं असतं. प्रत्यक्षात हाच प्रत्यय वर्षानुवर्षं गळत राहतो. आता उलट बाजू. ‘तिने आंबा खाल्ला’, पण ‘तिने पोळी खाल्ली’. भूतकाळात आपलं सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतं. मराठीचा साचा सरसकट इंग्रजीत उतरत असता, तर आंब्यासाठी ‘एट’चं एक रूप आणि पोळीसाठी दुसरं ऐकू आलं असतं. असं बोलणारा विद्यार्थी कुठे भेटत नाही. ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’चं खापरही मराठीवरच फुटतं; पण आपण तर साधं ‘मी त्याला ओळखतो’ म्हणतो.

मराठीपुरताच हा प्रश्न नाही. १९७४ साली हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या, सहा ते आठ वर्षांच्या स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांचं बोलणं तपासलं. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला रूपांची रेलचेल, चिनीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. तरीही कोणती रूपं आधी नेमकी येतात आणि कोणती मागाहून, याचा क्रम दोन्ही गटांत बराचसा सारखा निघाला. ‘आयएनजी’ लवकर, तृतीय पुरुषी ‘एस’ अगदी मागे. त्याच वर्षी बेली, मॅडन आणि क्रॅशन यांना निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्रौढांतही साधारण तसंच चित्र दिसलं. या अभ्यासांवर आक्षेप आले, आणि काही रास्तही होते : अचूकतेचा क्रम म्हणजे शिकण्याचा क्रम नव्हे. पण दोष मातृभाषेचाच, हे म्हणणं या अभ्यासांपुढे टिकत नाही.

मग ‘एस’ का गळतो? जीभ वळत नाही म्हणून नक्कीच नाही. अनेकवचनी ‘बुक्स’ बिनचूक म्हणणारी मुलगी पुढच्याच वाक्यात ‘शी वर्क’ म्हणते. उच्चार तोच, काम निराळं. अनेकवचनाचा ‘एस’ पुस्तक एक की अनेक हे सांगतो. क्रियापदाचा ‘एस’ नवं काहीच सांगत नाही, कारण कर्ता कोण ते ‘शी’ने आधीच सांगितलेलं असतं. शिवाय तो कानाला पुसट लागतो. ‘आयएनजी’सारखं पूर्ण अक्षर त्याच्या वाट्याला आलेलं नाही.

‘ही कॅच्ड द बॉल’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ‘कॅच्ड’ हे रूप बाईंनी शिकवलेलं नसतं, पुस्तकात नसतं, मराठीतून तर येऊच शकत नाही. भूतकाळाचा नियम मुलाने स्वतः शोधला आणि पुढच्या क्रियापदाला लावून पाहिला, त्यातून ते आलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती मुलंही लहानपणी हेच करतात. अशा चुकांतून विद्यार्थ्याची स्वतःची व्यवस्था दिसते, हे पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच लिहून ठेवलं. तिथे लाल फुली मारणं म्हणजे त्याच्या विचारावरच फुली मारणं आहे.

मातृभाषेचा परिणाम शून्य असतो, असं मी म्हणत नाही. मराठीत ‘अ’, ‘द’सारखी उपपदं नाहीत, ती आपल्याला दीर्घकाळ छळतात, त्यात मराठीचा वाटा आहेच. ‘आय डिडन्ट वेन्ट’मागे ‘मी गेलो नाही’ उभं असेलही, पण इंग्रज मुलंही असं बोलतात, तेव्हा सगळा भार त्यावर टाकता येत नाही.

वर्गात कानावर काय पडतं ते खरं तर पाहायला हवं. ‘सिट डाउन’, ‘ओपन युअर बुक्स’, ‘डू यू नो?’ आज्ञा आणि प्रश्न. यात मुख्य क्रियापदाला ‘एस’ सहसा लागत नाही. ‘डझ शी वर्क?’ विचारलं तरी तो ‘डझ’मध्ये जातो. जे रूप वर्गात क्वचितच ऐकू येतं, ते वहीत बिनचूक उतरावं अशी अपेक्षा आपण धरतो. त्याऐवजी बाईंनी रोज पाच मिनिटं इंग्रजीतून कुणाची तरी दिनचर्या सांगावी : आजी किती वाजता उठते, काय रांधते, कुणाशी भांडते. मग मुलांनी आपापल्या आजीबद्दल सांगावं. आजीला ती रोज मराठीत काय विचारतात, याची काळजी करण्याचं शाळेला काहीच कारण नाही.