बालकवी सत्ताविशीतच राहिले

आज इतिहासाचा विषय निघालाय माझ्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांवरून. वय अठ्ठावीस. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचाच चेहरा समोर असतो, मग लक्ष जातंच.

आपल्या जळगावचे दोन कवी बघा. धरणगावात १८९० ला जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस. त्यांचा फोटो कायम तरुणच. आज मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे, हे कळलं तेव्हा पोटात कसंतरीच झालं.

दुसऱ्या बहिणाबाई चौधरी. त्यांच्याआधी दहा वर्षं, १८८० ला, आसोद्यात जन्म. तिशीतच नवरा गेला. त्या काळात विधवेचं रूप एका दिवसात बदलायचं: कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या. वय हळूहळू बदलतं, हे तर लोकांनी लादलेलं. त्यावर त्यांची कविता आहे. त्यात त्या आपलं उघडं कपाळ लपवत नाहीत आणि ज्योतिषालाही हात दाखवत नाहीत. भरवसा आहे तो स्वतःच्या मनगटावर.

पुढे चाळीस वर्षं शेत, जातं, चूल. लिहिता येत नव्हतं, ओव्या तोंडीच. ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. म्हणून महाराष्ट्राला त्या भेटल्या त्या डोक्यावर पदर घेतलेल्या, सुरकुतलेल्या आजी म्हणूनच. तरुणपणीची बहिणाई कशी दिसायची, कुणी विचारतसुद्धा नाही.

बाकी, कॉलवरचा तो चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर मी बंद केलाय. मॅनेजरने अजून काही विचारलेलं नाही.