घरकाम हाच पहिला धडा : वॉल्डॉर्फ बालवाडीची जन्मकथा

१/४ पहिले महायुद्ध संपून वर्षही उलटले नव्हते. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे ७ सप्टेंबर १९१९ रोजी एक शाळा उघडली, ती मुख्यतः सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी. कारखाना वॉल्डॉर्फ-अस्टोरिया, संचालक एमिल मोल्ट, शिक्षणविचार रुडॉल्फ श्टाइनर यांचा. कारखान्याचेच नाव पुढे या शिक्षणपद्धतीला मिळाले.

२/४ सात वर्षांपर्यंतचे मूल उपदेशाने नव्हे, अनुकरणाने शिकते, असे श्टाइनर मानीत. शाळेला कायमची बालवाडी मात्र त्यांच्या हयातीत लाभली नाही. १९२५ मध्ये ते निवर्तले. १९२६ मध्ये एलिझाबेथ फॉन ग्रुनेलिउस यांनी ती सुरू केली.

३/४ या बालवाडीच्या पद्धतीत अक्षर-अंकांची घाई नाही. मोठ्यांनी झाडलोट करावी, पावाची कणीक मळावी, फाटके शिवावे. मुलांनी ते पाहत आपला खेळ मांडावा. कारखान्याने आईबापांचे काम मुलांच्या नजरेआड नेले होते. जे पूर्वी घरात सहज दिसे, ते आता मुद्दाम मांडावे लागले.

४/४ नाझी राजवटीत १९३८ मध्ये ही शाळा बंद पडली. १९४५ मध्ये पुन्हा उघडली. आज याच विचाराने मुले वाढवणारे पालक घरकामातच त्यांना सामील करून घेतात. घराकडून शाळेने घेतलेला धडा असा घरी परतला.