तिवराचे पान आणि प्रयोगशाळा

औषधी झाड म्हटले की मराठी माणसाला हिरडा, बेहडा, अर्जुन आठवतात. तिवर आठवत नाही. ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीकाठी वाढलेल्यालाही तो जळणाचा, गुरांच्या चाऱ्याचा, फार तर चिखलात पायाला टोचणाऱ्या श्वसनमुळांचा म्हणून ठाऊक. किनारपट्टीवरच्या लोकवैद्यकात मात्र त्याची साल आणि पाने व्रणांवर, सांधेदुखीवर वापरली गेली आहेत. अलीकडे त्याच्या अर्कांवर शोधनिबंधही भरपूर निघाले. त्यांतले बरेचसे एकाच वाक्यापाशी थांबतात : अर्कात अँटिऑक्सिडंट गुण आढळले. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना मला त्या वाक्याच्या पुढे जावेसे वाटते. झाडाला हे गुण लागतात कशाला?

तिवराची जागाच छळाची. भरतीला मुळाशी खारे पाणी, ओहोटीला माथ्यावर ऊन, चिखलात प्राणवायू नावापुरता. खारेपणामुळे पानाचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते, ऊन मात्र कमी होत नाही. न वापरली गेलेली ऊर्जा ऑक्सिजनला चिथावते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी उपद्रवी रूपे जन्माला येतात. त्यांना आवरायला पानात विकरे असतात, फिनॉल वर्गातली संयुगे असतात. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनमधल्या संशोधकांनी तिवरातले सुपरऑक्साइड डिसम्युटेजचे जनुक पुसा बासमती-१ या भातात घातले. त्यांचे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ती रोपे खारेपणा सोसण्यात सरस ठरली होती. अर्क न काढताही तिवराचा हा गुण उपयोगी पडू शकतो, याचा इतका चांगला दाखला दुसरा मला ठाऊक नाही.

प्रयोगशाळेत तुमची पहिली गाठ पडेल ती डीपीपीएच चाचणीशी. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ती मांडली. जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा, अंधारात ठेवायचे. रंग पिवळसर होत गेला की ५१७ नॅनोमीटरवर मोजायचे. निम्मा रंग घालवायला जितका अर्क लागतो तो आकडा जितका लहान, तितका अर्क जोरदार. (तोंडी परीक्षेत हे उलटे सांगणारे दरवर्षी भेटतात.) चाचणी स्वस्त आहे, सुबक आहे, आणि माणसाच्या शरीराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच परीक्षानळीतल्या आकड्यांची यादी २०१२ मध्ये मागे घेतली, कारण तिचा वापर जाहिरातींसाठी होऊ लागला होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला; १९९४ चा तो निष्कर्ष या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावा.

मग आकड्याचा उपयोग काय? माझ्या मते तो आधी झाडाच्या परिस्थितीची नोंद म्हणून वाचावा. कोलशेतपाशी उल्हासची खाडी येते ती अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीचे सांडपाणी पोटात घेऊन. सिडनीच्या तिवरांवरच्या २००१ च्या अभ्यासात तांबे, जस्त यांसारख्या धातूंनी पानातल्या पेरॉक्सिडेज विकराचे काम वाढल्याचे दिसले होते. म्हणजे मलिन खाडीतले पान चाचणीत अधिक 'गुणकारी' ठरण्याची शक्यता आहे, आणि त्याच पानात धातूही असू शकतात. अशा अर्काला औषध म्हणण्याआधी शिसे आणि कॅडमियम तपासणे एवढे तरी करावेच.

ऋतूचेही तसेच. मे महिन्यात खाडी सर्वांत खारी. पावसाळ्यात उल्हासच्या गोड्या पाण्याने तिचा खारेपणा उतरतो. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, काही पानातच राहते. वाळलेल्या पानाच्या वजनात हे मीठही मोजले जाते, त्यामुळे 'दर ग्रॅमला इतके फिनॉल' हा हिशेब खाऱ्या जागी आपोआप कमी भरतो. मिठाची वजावट केल्याशिवाय दोन खाड्यांची तुलना करू नये.

हे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. कोलशेतची आणि दक्षिण कोकणातल्या एखाद्या खाडीची पाने, मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांत, पाण्याच्या खारेपणाच्या नोंदीसह तपासली तरी एम.एस्सी.चा चांगला प्रबंध होतो. राज्यातल्या खारफुटीला २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाचे संरक्षण आहे, तेव्हा पाने तोडण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी परवानगी मागा. झाड ओळखणारा माणूस सोबत न्या : आपल्या खाड्यांत गेवाही असतो, आणि त्याचा चीक डोळ्यांना घातक आहे.