गाजर गवताची खाज

गाजरासारखी कातरलेली पाने आणि बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे मिरवणारे पार्थेनियम हे अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचे तण. पुण्याच्या परिसरात ते १९५५च्या सुमारास नजरेस आले आणि १९५६मध्ये आर. एस. राव यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. आयात गव्हातून त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पडीक जमिनी, रेल्वेमार्ग, रस्त्यांच्या कडा बघता बघता त्याने व्यापल्या. लोक त्याला गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी म्हणू लागले.

खाजेचे रुग्ण मागाहून आले. पुण्यातल्या या त्वचादाहावर लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा निबंध १९७४मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर उघड्यावर राबणाऱ्या अनेकांना, विशेषतः पुरुषांना, या गवताने छळले होते.

हा विलंब शरीराच्या कार्यपद्धतीशी जुळतो. पार्थेनिन हे गवतातले द्रव्य त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते. त्वचेतल्या पेशी हे जोडद्रव्य उचलून लसीकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना त्याची ओळख पटते. पहिल्या स्पर्शाला काहीच होत नाही. कित्येकांना तर वर्षानुवर्षे गवत उपटूनही त्रास होत नाही. ओळख पक्की झाली, की पुढच्या संपर्कानंतर एक-दोन दिवसांत खाज, लाली, पुरळ आणि पाणी सुटणे सुरू होते. गांधी काही मिनिटांत उठतात, त्यामागची यंत्रणा वेगळी आहे.

वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यावर उडते, म्हणून झाडाला हात न लावणाऱ्यालाही सुटका नाही. पापण्या, मान, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणी आधी धरतात. निव्वळ उन्हाने होणाऱ्या दाहात वरच्या पापण्या आणि हनुवटीखालचा भाग बहुधा वाचतो. निदानाला हा फरक फार उपयोगी पडतो. जुनाट रोगात मात्र ऊनही सोसेनासे होते आणि कातडी जाड, काळपट पडते.

खात्रीसाठी पाठीवर पट्टीचाचणी करतात. ती दोन दिवसांनी उघडून पाहतात आणि पुढे पुन्हा तपासतात. उपचारात स्टिरॉइडची मलमे, उद्रेकात थोडे दिवस गोळ्या, आणि दीर्घ आजारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली अझाथायोप्रिन दिले जाते. खरा उतारा संपर्क टाळण्याचा. पण ज्याचे पोट शेतावर आहे, त्याला तोच सर्वांत महाग पडतो. म्हणून तण हटवण्याकडेही लक्ष गेले. १९८३मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला झायगोग्रामा हा पाने खाणारा भुंगेरा आणला गेला. पावसाळ्यात तो झाडे ओरबाडतो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो आणि मातीत उरलेले बी पुढच्या सरींबरोबर पुन्हा उगवते.