समाप्ती-संकेत (प्रथिन संश्लेषणाचा)

पेशीत प्रथिनाची साखळी कोठे संपवायची हे संदेशवाहक आरएनएवरील तीन त्रिके सांगतात : यूएए, यूएजी आणि यूजीए. त्यांच्याशी जुळणारा वाहक आरएनए नसतो, म्हणून रायबोसोम आपोआप थांबतो, असा समज सहज होतो. तो अपुरा आहे. नुसता अडलेला रायबोसोम साखळी सोडत नाही. १९६७ मध्ये मारिओ कापेकी यांनी वेगळा केलेला मोचक घटक, म्हणजे एक प्रथिनच, संकेत ओळखतो आणि पाण्याच्या रेणूकरवी शेवटचा बंध तोडला जातो. यूजीए काही प्रथिनांत सेलेनोसिस्टीन हे ॲमिनो आम्ल म्हणूनही वाचला जातो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यासाठी आरएनएवर खास घडी लागते. म्हणजे हा संकेतही संदर्भासह वाचला जातो.

हा संकेत अवेळी आला तर काय होते, हे पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंडच्या गोठ्यांतील होल्स्टीन संकरित गायींच्या संदर्भात जिव्हाळ्याचे आहे. या संकरीकरणाला दौंडलगतच्या उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने मोठे बळ दिले. होल्स्टीन वंशातील सिट्रुलिनीमिया या आनुवंशिक रोगात एका जनुकातील ८६ वे त्रिक सीजीएऐवजी टीजीए, म्हणजे आरएनएवर यूजीए, होते. ४१२ ॲमिनो आम्लांचे विकर ८५ वरच तुटते, रक्तात अमोनिया साचतो आणि जन्मतः धडधाकट दिसणारे वासरू आठवडाभरात दगावते. दोष दुर्मीळ आहे, मग चिंता कशाला? कारण वाहक वळू निरोगी दिसतो आणि त्याच्या गोठित रेतमात्रा हजारो गायींपर्यंत पोहोचतात. म्हणूनच रेतनासाठी निवडलेल्या होल्स्टीन वळूंची या दोषासाठी डीएनए चाचणी करतात.