घरच्या घरी इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवायचाय? मोटर नंतर घ्या, आधी फळीचं गणित समजून घ्या

हातात छोटासा रिमोट, पायाखाली चार चाकांची फळी आणि जमिनीला पाय न लावता ताशी ३०-४० किलोमीटरचा वेग! इलेक्ट्रिक स्केटबोर्डचे असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. तयार बोर्ड महाग पडतो, त्यामुळे 'हा घरी बनवता येईल का?' हा प्रश्न लगेच पुढे येतो.

उत्तर आहे, हो. जगभरात हजारो हौशी लोक असे बोर्ड घरी बनवतात. पण बहुतेक जण सुरुवात मोटर आणि बॅटरीपासून करतात आणि फळीचा, म्हणजेच डेकचा विचार सगळ्यात शेवटी करतात. 'फळी काय, कुठलीही चालेल' असं त्यांना वाटतं. खरी गडबड तिथेच होते. चालवणाऱ्याचं वजन, खड्ड्यांचे दणके आणि खाली लावलेली बॅटरी हे सगळं ती एकटी फळी सांभाळत असते. ती चुकली तर पडून हाड मोडू शकतं आणि बॅटरी पेटूही शकते.

बोर्डमध्ये असतं तरी काय?

इलेक्ट्रिक स्केटबोर्डचे मुख्य भाग मोजकेच आहेत. पाय ठेवायची फळी म्हणजे डेक. फळीखाली चाकं धरून ठेवणारे धातूचे दोन सांगाडे असतात, त्यांना ट्रक म्हणतात. मागच्या ट्रकवर एक किंवा दोन ब्रशलेस मोटर बसतात आणि बेल्टने चाक फिरवतात. फळीच्या पोटाला बॅटरीचा डबा असतो. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये स्पीड कंट्रोलर असतो. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी 'व्हीईएससी' नावाचा कंट्रोलर बनवला आणि त्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यामुळे घरी बोर्ड बनवणाऱ्यांचं काम खूप सोपं झालं.

यातल्या जवळपास सगळ्या वस्तू विकत मिळतात. हाताने बनवण्यासारखी मुख्य वस्तू एकच, ती म्हणजे फळी.

फळी लवचीक हवी की ताठ?

हा पेच समजून घ्यायला 'बूस्टेड' या अमेरिकन कंपनीचं उदाहरण चांगलं आहे. संजय दस्तूर, जॉन उलमेन आणि मॅथ्यू ट्रॅन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तिघांनी ती सुरू केली. २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि इलेक्ट्रिक स्केटबोर्ड घराघरात माहीत झाला. २०२० मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिचं काम थांबलं. पण तिच्या सुरुवातीच्या बोर्डांची रचना घरी बोर्ड बनवणारे आजही अभ्यासतात.

त्या बोर्डांची फळी बांबूची होती आणि मध्ये चांगलीच वाकायची. लवचीक फळी रस्त्याचे हादरे स्वतःमध्ये जिरवते आणि पायांना आराम मिळतो. पण तिच्या पोटाला एकच लांब, कडक डबा लावला तर? फळी वाकणार, डबा वाकणार नाही. मग स्क्रू सैल होतात, डब्याला तडे जातात आणि आतल्या सेलवर ताण येतो. बूस्टेडने यावर साधा उपाय काढला. एका टोकाला बॅटरीचा डबा, दुसऱ्या टोकाला मोटरजवळ कंट्रोलरचा डबा आणि मधला भाग वाकायला मोकळा!

म्हणजे नियम असा: लवचीक फळी हवी असेल तर सामान दोन टोकांना वाटा. एकच मोठा डबा लावायचा असेल तर फळी ताठ ठेवा. पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी ताठ फळी जास्त सोपी आणि सुरक्षित.

जाडीचं गणित

फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटरची फळी १५ मिलिमीटर केली, तर जाडी फक्त पाव पटीने वाढते. ताठरपणा मात्र जवळजवळ दुप्पट होतो! दोन ट्रकमधल्या अंतराचं उलटं आहे. अंतर ६० सेंटीमीटरवरून ७० केलं, तर त्याच वजनाला फळी सुमारे दीडपट जास्त वाकते. त्यामुळे 'लांब बोर्ड भारी दिसतो' म्हणून लांबी वाढवली तर जाडीही वाढवावी लागते. साधारण ९० ते १०० सेंटीमीटर लांब आणि २४-२५ सेंटीमीटर रुंद फळी सुरुवातीला पुरेशी असते.

लाकूड कोणतं घ्यायचं?

साध्या स्केटबोर्डची फळी बहुतेकदा उत्तर अमेरिकेतल्या मॅपल लाकडाची असते. सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे ७ पातळ थर एकावर एक चिकटवलेले असतात. बहुतेक थरांचे रेषे लांबीच्या दिशेने आणि दोन थरांचे आडवे असतात. लांबीचे रेषे वजन पेलतात, आडवे रेषे फळी उभी चिरू देत नाहीत.

आपल्याकडे मॅपलचे थर सहज मिळत नाहीत. प्लायवूडच्या दुकानात मिळणारं मरीन प्लाय हा चांगला पर्याय आहे. घेताना 'आयएस ७१०' हा शिक्का बघा. मरीन प्लायचं हे भारतीय मानक आहे आणि यातला डिंक पाण्यात सुटत नाही. मग प्लायची कड नीट बघा. थरांमध्ये पोकळ जागा दिसली तर तो तुकडा घेऊ नका, फळी नेमकी तिथेच मोडते. ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये वरच्या थराचे रेषे बहुतेकदा ८ फुटांच्या दिशेने असतात. फळीची लांबी त्याच दिशेने कापायची. आडवी कापलेली फळी दिसायला तशीच, पण बरीच कमजोर असते.

फळी कशी बनवतात?

१. एकच जाड प्लाय कापण्यापेक्षा ४ मिलिमीटरचे ३ किंवा ४ तुकडे चिकटवणं चांगलं. त्यामुळे फळीला हवा तसा हलका बाक देता येतो. दोन्ही कडा किंचित उचललेल्या असल्या की पाय घट्ट बसतो आणि ताठरपणाही वाढतो.

२. तुकड्यांना पाण्यात न सुटणारा लाकडाचा डिंक सगळीकडे सारखा लावायचा. कोरडा राहिलेला छोटासा भागही पुढे पोकळ होतो.

३. तुकडे साच्यावर ठेवून दर ८-१० सेंटीमीटरवर क्लॅम्प आवळायचे आणि किमान २४ तास हात लावायचा नाही. दुसरी पद्धत व्हॅक्यूम पिशवीची. तुकडे साच्यासकट पिशवीत घालून पंपाने हवा काढतात. बाहेरची हवा फळीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळपास १ किलोचा दाब देते. अख्ख्या फळीवर हा दाब २००० किलोंच्या आसपास जातो, तोही सगळीकडे सारखा!

४. सुकल्यावर कागदाचा साचा ठेवून आकार आखायचा, जिगसॉने कापायचा आणि कडा पॉलिश पेपरने गोल करायच्या.

५. शेवटी एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात. प्लाय पाणी कडेतूनच पितो, म्हणून कडा आणि भोकांच्या आतल्या बाजूही सोडू नका. फळी आणखी ताठ हवी असेल तर खालून एपॉक्सीमध्ये फायबरग्लासचं कापड बसवतात.

वरून ग्रिप टेप, म्हणजे पॉलिश पेपरसारखा खरखरीत चिकट कागद लावला की पाय घसरत नाही.

भोकं पाडताना घाई नको

प्रत्येक ट्रकला ४ बोल्ट लागतात. भोकांमधलं रुंदीचं अंतर सुमारे ४१ मिलिमीटर आणि लांबीचं ५४ किंवा ६३.५ मिलिमीटर असतं. आपला ट्रक कोणता आहे ते आधी मोजून घ्या. फळीच्या मधोमध एक सरळ रेष आखून दोन्ही ट्रक तिच्यावरच बसवा. ट्रक थोडाही तिरका बसला तर बोर्ड सतत एका बाजूला ओढतो.

दुसरा धोका चाक घासण्याचा. वळताना बोर्ड झुकतो आणि मोठं चाक फळीच्या पोटाला लागलं तर बोर्ड जागच्या जागी थांबतो. चालवणारा मात्र पुढे फेकला जातो. म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये जाड पट्टी घालतात किंवा चाकाच्या वर फळीला खाच देतात.

खरी जोखीम फळीच्या पोटात

अशा बोर्डमध्ये बहुतेकदा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल वापरतात. १० सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट मिळतात, पूर्ण चार्ज झाल्यावर ४२. अशा तीन रांगा म्हणजे ३० सेल. ते निकेलच्या पातळ पट्ट्यांनी जोडलेले असतात.

फळी वाकत राहिली तर या पट्ट्या वाकून वाकून तुटतात. सेलवरचं प्लास्टिकचं पातळ वेष्टन घासून निघतं आणि शॉर्ट सर्किट होतं. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो. लिथियम बॅटरी नीट नसेल तर काय होतं, हे हॉवरबोर्डने दाखवून दिलंय. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे ५ लाख हॉवरबोर्ड परत मागवावे लागले होते.

त्यामुळे पहिल्या बोर्डसाठी सेल स्वतः जोडू नका. बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट असलेली तयार बॅटरी घ्या. डबा बसवायला फळीत धातूचे आटे असलेले इन्सर्ट बसवा आणि स्क्रूचं टोक सेलपर्यंत पोहोचत नाही ना, ते मोजून बघा. डब्याच्या कडेला रबराची पट्टी लावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. बोर्ड रात्री झोपेत चार्जिंगला लावू नका आणि घराच्या दाराजवळ तर मुळीच नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

चालवण्याआधीची परीक्षा

बॅटरी लावण्याआधी फळीची दोन्ही टोकं, जिथे ट्रक येणार तिथे, विटांवर ठेवा. मधल्या भागाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजा. मग भिंतीचा आधार घेऊन फळीवर उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला पुन्हा मोजायला सांगा. एकच लांब डबा लावायचा असेल तर दोन्ही मापांतला फरक काही मिलिमीटरच हवा. जास्त असेल तर आणखी एक थर चढवा. हलकेच दोन-तीन उड्या मारा. कटकट आवाज आला तर ती फळी बाद!

पुढचे काही दिवस मोटरशिवाय, नुसता पायाने ढकलून बोर्ड चालवा. फळीतले दोष आताच सापडलेले बरे.

हा बोर्ड रस्त्यावर चालतो का?

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी वाहनाला मोटार वाहन मानलं जात नाही. पण त्यासाठी पुण्यातल्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते. घरी बनवलेल्या बोर्डकडे ती नसते आणि त्याच्या मोटरची ताकदही बहुतेकदा याच्या कितीतरी पट असते. ब्रिटनमध्येही असे बोर्ड सार्वजनिक रस्त्यावर आणि फूटपाथवर चालत नाहीत. कॅलिफोर्नियात २०१६ पासून परवानगी आहे, पण वय किमान १६ हवं आणि हेल्मेट सक्तीचं आहे.

म्हणून सोसायटीचं आवार किंवा बंद मैदान, तेही परवानगी घेऊनच, हीच योग्य जागा. आपल्याकडचे गतिरोधक आणि खड्डे बघता बोर्डच्या पोटातला डबा रस्त्यावर फार दिवस टिकणारही नाही. हेल्मेट, मनगट आणि गुडघ्याचे पॅड यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. पैसे कमी पडत असतील तर मोटर छोटी घ्या, वेग थोडा कमी मिळेल. पण फळीच्या लाकडात काटकसर करू नका, कारण त्या वेगाने जाताना तुम्ही त्याच फळीवर उभे असणार आहात.