धर्मगुरूचा आक्षेप

विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा विषय निघाला, की १६३३ मधील गॅलिलिओवरील खटला हटकून आठवतो. परंतु या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले. १९३१ मध्ये विश्वाचा उगम एका आद्य अणूत असावा, ही कल्पना पुढे ठेविली.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आधुनिक विज्ञान जणू सृष्टिकर्त्याचीच साक्ष देत आहे, असे प्रतिपादिले. दुसरा एखादा भाविक यामुळे हरखून गेला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखाच मोकळा आहे, अशी त्यांची धारणा होती. आजच्या सिद्धान्तावर श्रद्धा उभारली आणि उद्या तो ढासळला, तर त्या श्रद्धेने कोठे जावे? सप्टेंबर १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो दावा पुन्हा केला नाही.

विज्ञानाचा टेकू नाकारणारी ही श्रद्धा दुबळी खचितच नव्हती.